बिनविजेची गाणी आणि आईचा फ्रिज

९ फेब्रुवारी

चि. पिपाणीस,
अनेक आशीर्वाद, आणि आधीच्या वाढदिवसाचे राहिलेलेही यातच धरून चाल. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, कोण गेलं? कोणी गेलेलं नाही. फोन करणार होतो, पण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात निदान तू मधे बोलत नाहीस.

बातमी अशी की कंपनी आमच्या बँडचा एक संग्रह काढतेय. ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवून नुसत्या लाकडी गिटारींवर म्हटलेली, चाळीस वर्षांतली सतरा गाणी. नाव ठरलंय 'बिनविजेची गाणी'. मला ते नाव जरा कंदिलाच्या दुकानासारखं वाटलं, पण तुझ्या वहिनीला आवडलं, मग काय, विषय संपला. आमचा ढमढम गेल्यापासून ड्रमवर दुसऱ्या कोणाला बसवायला मन झालं नाही, आणि माझी डाव्या हाताची बोटं सकाळी गरम पाण्यात बुडवून ठेवल्याशिवाय वळत नाहीत. म्हणजे आमच्या नावाने निघेल ते हे शेवटचंच.

यातली निम्मी गाणी आपल्या जुन्या घरात, आईच्या स्वयंपाकघरात टेप केलेली आहेत. तू ओट्यावर पाय हलवत बसायचीस, मी स्टुलावर, बेस वाजवणारा आपला मुक्या त्याची ती अवजड गिटार घेऊन दाराशी, आणि ढमढम ड्रमऐवजी आईचा पिठाचा डबा वाजवायचा. ऐकताना दोनदा मला चष्मा काढून पुसावा लागला. संग्रहाचं काम एका मुलीकडे दिलंय. सव्वीस वर्षांची आहे, कानावर दिवसभर तो हेडफोन. ती म्हणते, स्वयंपाकघरातली सगळी गाणी किंचित चढी आहेत. पियानोवर लावून बघितली तर ना पांढऱ्या पट्टीवर बसतात ना काळीवर, मधल्या फटीत पडतात. आपला टेपरेकॉर्डर हळू चालत असणार, म्हणून आता ऐकताना सूर वर जातो, असा तिचा तर्क. ती सगळं जागेवर आणून ठेवणार आहे. मी म्हटलं, आण बाई.

आता मुद्द्याचं. स्टुडिओच्या कपाटात एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात 'दोन खुर्च्या' या गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग आहे, तुझ्या आवाजातलं, अकरा वेळा केलेलं. बाजारात गेलं त्यात दोन्ही आवाज मीच म्हटले, हे तुला ठाऊकच आहे. माझी फार इच्छा आहे की संग्रहाचं शेवटचं गाणं तुझं असावं. मुलगी म्हणते, सूर थोडे इकडेतिकडे असले तरी आता यंत्रावर नीट करता येतात. तुझा होकार हवा. एका ओळीत कळव, पण शिव्या घालायच्या असतील तर दोन पानं चालतील.

लोभ आहेच, तो वाढावा अशी खटपट चालू आहे.
तुझा,
दादा


१६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बोटं बुडवतोस ते पाणी फार कडक घेऊ नकोस, कोमट बस्स. आमच्या ह्यांनाही डॉक्टरांनी तेच सांगितलंय.

संग्रहाचं वाचून खरंच आनंद झाला. ढमढमचा पिठाचा डबा वाचून हसले आणि मग उठून त्याच्यावरून हात फिरवून आले. त्या डब्याला त्याने पाडलेला पोचा अजून आहे. डबा माझ्याकडेच आहे.

पण त्या मुलीला आधी थांबव. टेपरेकॉर्डर अगदी नीट चालत होता. अरे, विसरलास कसा? आपल्याकडे सूर लावायला काय होतं? ढमढमने आणलेली शिट्टी दुसऱ्याच दिवशी हरवली होती. फ्रिजला कान लावून मुक्या सूर लावायचा! आईच्या त्या पांढऱ्या धुडाची मोटर सुरू झाली की जो आवाज यायचा, त्याच्यावर तो आधी आपली तार लावायचा, मग तुझी. तेवढ्या वेळात फ्रिजचं दार कोणी उघडायचं नाही असा कडक नियम होता, आणि आईला नेमकं तेव्हाच दूध काढायचं असायचं. मधेच मोटर बंद पडली की सगळे हात बांधून वाट बघत बसायचे. गाणी चढी नाहीत, दादा. गाणी फ्रिजच्या सुरात आहेत. आणि तुम्ही त्यांना 'बिनविजेची' म्हणताय! कंपनीला हे कळलं तर नाव बदलावं लागेल.

तो फ्रिज आई गेल्यापासून माझ्याकडे आहे. जावईबापू येतील तेव्हा म्हणतात, वीज खातोय, द्या काढून. मी म्हणते, पाण्याच्या बाटल्यांना बरा पडतो.

आता तुझ्या मुद्द्याचं. माझा नकार आहे. राग नाही, शिव्याही नाहीत. ते रेकॉर्डिंग बाहेर काढू नकोस. एकतीस वर्षं झाली त्याला. स्टुडिओतून त्या दिवशी मी घरी आले, पुढच्या महिन्यात टपाल कचेरीत लागले आणि एकोणतीस वर्षं लोकांची पत्रं गावांप्रमाणे वेगळी केली. त्यानंतर मी गायले नाही. देवापुढे नाही, कोणाच्या लग्नात नाही. लेक झाली तेव्हा तिला झोपवायला आमचे हे गाणं म्हणायचे, मी गोष्ट सांगायचे. ज्याचा कान गेला आहे त्याने तोंड उघडू नये, एवढं मला त्या दिवशी कळलं. आता म्हातारपणी माझा बेसूरपणा यंत्रावर धुऊन लोकांना ऐकवायचा, हे मला सोसणार नाही. डबा माझ्याकडे पाठवून दे. मी त्याचं काय करायचं ते करीन.

वहिनींना नमस्कार. नाव त्यांना आवडलं असेल तर ठेवा तेच.
तुझ्या लोभात कमी नाही, हे मला माहीत आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिलं.
तुझी धाकटी,
पिपाणी


२४ फेब्रुवारी

चि. पिपाणीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

फ्रिज! तुझं पत्र वाचून मी इतका मोठ्याने हसलो की तुझी वहिनी धावत आली. मी ठार विसरलो होतो. मुक्याला फोन करून विचारलं, तर तो नेहमीप्रमाणे 'हं' म्हणाला. मुलीला सांगितलं तेव्हा ती आधी माझ्याकडे संशयाने बघत राहिली. मग तिने वहीत काहीतरी मांडलं आणि म्हणाली, विजेवर चालणाऱ्या अशा मोटरीचा सूर साधारण तिथेच पडतो, त्याच फटीत. तिने जागेवर आणलेली सगळी गाणी पुन्हा उचलून होती तिथे नेऊन ठेवली. तिने ती खाली आणली होती तेव्हा मला ऐकताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण वाटलं आपलंच वय झालं.

डब्याबद्दल. तुझी इच्छा नसेल तर मी आग्रह करणार नाही. पण पिपाणे, तू ते इतकं मनाला लावून घेतलं असशील याची मला कल्पना नव्हती. मला वाटत होतं तुला नोकरी लागली म्हणून तू बँड सोडलास. त्या दिवशी मी काही बोललो असेन, नाही म्हणत नाही. पहिलीच मोठी रेकॉर्ड, काचेपलीकडे कंपनीचे साहेब बसलेले, मिनिटामिनिटावर डोळा. मुक्याने सूर लावायचं नवं कोरं यंत्र आणलं होतं, सुईवालं, त्याचं आम्हाला कोण कौतुक. सगळं कसं झकपक व्हायला हवं होतं. त्यात तुझं ते गाणं काही केल्या जमेना. तू सुरुवातीच्या दोन ओळी एकटी म्हणायचीस आणि आमच्या गिटारी आल्या की सगळं खटकायचं. मी वैतागलो असेन. पण असं काय मोठं बोललो?

डबा पाठवतो. मुलगी म्हणाली, पाठवायच्या आधी एकदा ऐकून नोंद करून ठेवते, तिचा तो शिरस्ताच आहे.

रागावू नकोस, रागावलीस तर निदान लवकर लिही.
तुझा,
दादा


२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

काय मोठं बोललास ते सांगते. अकराव्यांदा गिटारी आल्या आणि थांबल्या. तू गिटार मांडीवरून खाली ठेवलीस, माझ्याकडे न बघता काचेपलीकडच्या साहेबांकडे बघून हसलास, आणि म्हणालास, "तुझा कान गेलाय, पिपाणी. तू बाहेर बस, आम्ही उरकतो." ढमढम खाली बघत होता. आणि मुक्या, त्या यंत्राच्या सुईकडे.

मी बाहेरच्या बाकावर बसले. हिरव्या रंगाचा बाक, एक फळी तुटलेली. मला वाटलं, पाच मिनिटांत तू येशील. तासाभराने आतून 'दोन खुर्च्या' ऐकू आलं, दोन्ही आवाज तुझे. छान झालं होतं. मी पिशवी उचलली आणि चालत घरी आले. आईला सांगितलं, घसा बसलाय.

मला माहीत होतं की मी बरोबर म्हणतेय. हेच सगळ्यात वाईट होतं, दादा. अकराही वेळा मला आतून बरोबर वाटत होतं आणि अकराही वेळा चूक निघत होतं. ज्याला चूक करताना चूक कळते त्याला आशा असते. मला कळतच नव्हतं. मग कशाच्या भरवशावर गायचं?

डबा पाठव.
पिपाणी


११ मार्च

चि. पिपाणीस,
आशीर्वाद द्यायचा आज मला हक्क वाटत नाही, तरी देतो. तो तू घ्यावास. वि. वि.

डबा पाठवलेला नाही. आधी हे वाच.

काल मुलीने मला बोलावून घेतलं. तिने अकराही रेकॉर्डिंगं ऐकली होती. गिटारी येण्याआधीच्या तुझ्या दोन ओळी तिने कापून एकापुढे एक लावल्या होत्या. ती म्हणाली, जो बेसूर असतो तो दर वेळी वेगळीकडे घसरतो. कधी खाली, कधी वर, घाबरला की आणखीच. या बाई अकराही वेळा एकाच जागी उभ्या आहेत, केसाएवढाही फरक नाही. मग तिने विचारलं, ही जागा ओळखीची वाटते का? आणि आपल्या स्वयंपाकघरातलं एक गाणं लावलं. त्याच्यावर तुझ्या त्या दोन ओळी ठेवल्या. पिपाणे, दुधात पाणी मिसळावं तशा मिसळल्या.

तू फ्रिजच्या सुरात गात होतीस. सात वर्षं ज्या सुरात आपण रोज गायलो, तो तुझ्या कानात जाऊन बसला होता. आणि त्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्यांनी त्या सुईवाल्या यंत्रावर तारा लावल्या, थोड्या खाली. आम्हाला कोणालाच फरक कळला नाही. घरचा सूर सोडून आम्ही आलो होतो. तू सोडला नव्हतास. आणि मी तुला बाहेर बसवलं.

मी तिथे त्या मुलीसमोर रडलो. तिने बिचारीने हेडफोन काढून ठेवला आणि पाणी आणून दिलं. तुझी वहिनी म्हणते, एकतीस वर्षांची चूक पत्राने फिटत नाही. मला ठाऊक आहे. कान माझा गेला होता. मला तू बरोबर हवी नव्हतीस, साहेबांसमोर उरकायला हवं होतं. मला बाकावर येऊन बसायला हवं होतं आणि मी आलो नाही. माझं चुकलं.

मुलगी म्हणते, गिटारी काढून टाकून नुसत्या तुझ्या दोन ओळी संग्रहाच्या शेवटी ठेवता येतील. यंत्रावर काही धुवायचं नाही, काही हलवायचं नाही. पण हे तू म्हणशील तरच. नाही म्हणालीस तर डबा दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात असेल.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू? तरी लिहितो.
तुझा,
दादा


१४ मार्च

पिपाणीस,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दादाने फोनवर सगळं सांगितलं. त्याला सांगितलं नाही ते तुला लिहितो.

मला त्याच दिवशी कळलं होतं. परतताना गाडीत तार छेडली आणि जाणवलं की आपण घरी लावतो त्यापेक्षा उतरली आहे. यंत्र माझं होतं. मी आणलं होतं. बोललो असतो तर सगळी रेकॉर्ड पुन्हा करावी लागली असती. उद्या बोलू म्हटलं. मग तू नोकरीला लागलीस. मग दर वर्षी ते बोलणं जास्त जड होत गेलं.

लोक म्हणतात, मुक्या शांत स्वभावाचा आहे. मी शांत नाही. मी भित्रा आहे.

रविवारी सकाळी येतो. घरात घेतलं नाहीस तरी चालेल.
मुक्या


२६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दाराशीच उभी राहून वाचलं. मग आत जाऊन पुन्हा वाचलं. ह्यांनी विचारलं काय झालं, तर मी नुसतं पत्र त्यांच्या हातात दिलं. ते वाचून म्हणाले की इतकी वर्षं मला वाटत होतं तुला गाण्याची आवडच नाही. तेव्हा मात्र मला रडू फुटलं. तुझ्यावर रागही फार आला, दादा. तीन दिवस मी तुला मनात जे जे बोलले ते कागदावर उतरवलं असतं तर टपालवाल्याने जादा तिकीट लावायला लावलं असतं. लेकीला एकही गाणं म्हटलं नाही, ते वय आता परत येणार आहे का? हे मी तुला सुनावल्याशिवाय राहणार नव्हते. आता सुनावलं.

रविवारी मुक्या आला. हातात ती अवजड गिटार, केस पूर्ण पिकलेले, दोन जिने चढून दम लागलेला. मी त्याच्यासाठी बरंच काही ठरवून ठेवलं होतं, की असं बोलीन, तसं बोलीन, दारातूनच परत पाठवीन. पण तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आत यायला तयारच होईना, आणि त्याला तसा बघून मला एकदम ढमढमची आठवण आली. आता उरलोच किती आपण? मी म्हटलं, जोडे काढ आणि आत ये.

चहा झाला. तेवढ्यात स्वयंपाकघरात मोटर सुरू झाली. मुक्याने कप खाली ठेवला, उठला, आणि सरळ जाऊन फ्रिजच्या बाजूला कान लावून उभा राहिला. डोळे मिटून, पूर्वी उभा राहायचा तसाच. तारा लावल्या. हे पाण्याची बाटली घ्यायला आले तर मी त्यांचा हात धरला की आता दार उघडायचं नाही.

आता तुला एक सांगते, कोणालाच सांगितलेलं नाही. तो फ्रिज मी बाटल्यांसाठी ठेवलेला नाही. त्याची मोटर सुरू झाली की मी ओट्याशी उभी राहून त्या दोन ओळी म्हणते. ओठ बंद ठेवून, मनातल्या मनात. आईचं सामान वाटून घेतलं तेव्हा वहिनींनी मला बांगड्या घे म्हटलं होतं आणि मी फ्रिज मागितला होता. तेव्हा तुम्ही सगळे हसला होतात.

तर मी तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आवाज आला, म्हातारा, खरखरीत, पण आला. दोन ओळी एकटीने म्हटल्या. मग तिसऱ्या ओळीला मुक्याची तार आली, जिथे अकरा वेळा सगळं मोडलं होतं तिथेच. माझे डोळे गच्च मिटलेले. काही मोडलं नाही. गाणं पुढे गेलं. पूर्ण झालं. हे दारात उभे होते, हातात रिकामा पेला.

मुक्याने गिटार भिंतीला टेकवली. माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाला, "बरोबर."

एकतीस वर्षांत एवढंच ऐकायचं होतं मला.

तेव्हा माझं उत्तर. डब्यातल्या त्या ओळी संग्रहात घेऊ नकोस. सुरात असतील, पण त्यात मी घाबरलेली आहे, आणि तेव्हाच्या त्या पिपाणीला मी तशी ठेवून जाणार नाही. शेवटचं गाणं हवं असेल तर इथे येऊन घ्या. तुमच्या रेकॉर्डिंगवाल्या मुलीलाही आण, तिला मला बघायचंय. पिठाचा डबा मी रिकामा करून घासून ठेवलाय. वाजवायला कोणी नाही, पण मधे ठेवू. तुझी बोटं वळत नसतील तर दोनच स्वर धर, बाकी मुक्या सांभाळेल. स्टुलाचा एक पाय हलतो, तिथे तू बसायचंस. ओट्यावर मी चढणार नाही, गुडघे दुखतात.

आणि मोटर मधेच बंद पडेल याची काळजी करू नकोस. आई काय करायची ते तुम्हा कोणालाच माहीत नव्हतं. दूध काढायच्या निमित्ताने ती दार उघडायची ना, आणि तुम्ही ओरडायचात? ती दूध काढत नव्हती. गरम पाण्याचं पातेलं आत ठेवत होती, मोटर जास्त वेळ चालावी म्हणून. मला ओट्यावरून दिसायचं. कोणाला सांगू नको म्हणून डोळ्यांनी दटावायची.

येताय त्याची वेळ कळवा, म्हणजे त्या हिशोबाने पाणी तापत ठेवीन.

लोभ आहे तसाच राहील. राग संपला की तोही कळवीन.
तुझी धाकटी,
पिपाणी